मिशिगनचे तेरा ‘जिल्हे’ नव्हेत, तेरा मतदारसंघ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या परदेश-वृत्तांच्या पानावर अलीकडे आलेल्या एका बातमीचे कात्रण इचलकरंजीहून माझ्या थोरल्या भावाने मला पाठवले. बातमी श्री ठाणेदार यांच्याविषयी होती. ‘मिशिगनच्या तेराव्या जिल्ह्यातून निवडून आलेले मराठी खासदार’ असा तीत त्यांचा उल्लेख होता आणि ‘तेथील भारतीयांच्या पाठबळावर’ ते निवडून आल्याचे पुढे म्हटले होते. मी गेली बावीस वर्षे मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वायव्येस असलेल्या फार्मिंग्टन हिल्स या गावात राहते आणि २०१४ साली नागरिकत्व मिळाल्यापासून येथील प्रत्येक निवडणुकीत मतदान करत आले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, एवढे दोन ओळींत कळवता आले असते. परंतु ‘डिस्ट्रिक्ट’चा ‘जिल्हा’ केला की या राज्यात गेल्या पंधरा वर्षांत जे घडले ते वाचकाला समजण्याची वाटच बंद होते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडच्या जिल्ह्याच्या जवळचा शब्द येथे ‘काउंटी’ हा आहे. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आहेत. न्यायालय, तुरुंग, जमिनीची नोंद, निवडणुकीची कचेरी ही सारी कामे काउंटीत चालतात आणि पिढ्यान् पिढ्या तिच्या सीमा हलत नाहीत. डिस्ट्रिक्ट मात्र वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात एक सदस्य पाठवण्यापुरता आखलेला मतदारसंघ असतो. त्याला कचेरी नसते, त्याची वेस कोठे लागते हे सांगणारा दगड नसतो, आणि दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्याच्या रेषा पुसून नव्याने काढल्या जातात. २०२० च्या जनगणनेत मिशिगनची लोकसंख्या १ कोटी ७७ हजार भरली. तिचे तेरा सारखे भाग केले की एका मतदारसंघात सुमारे पावणेआठ लाख माणसे येतात. साठ आणि सत्तरच्या दशकांत या राज्याचे १९ प्रतिनिधी होते. मोटारींच्या कारखान्यांचा भरभराटीचा काळ सरला आणि दक्षिणेकडील व पश्चिमेकडील राज्ये झपाट्याने वाढली, तशी ती संख्या १८, १६, १५, १४ अशी उतरत आता १३ वर आली आहे. माझ्या भावाला हे समजावताना मी आमच्याच गावाचे उदाहरण दिले. २००८ च्या फेररचनेत इचलकरंजी हा लोकसभा मतदारसंघ नावासकट गेला आणि हातकणंगले आला. गाव जागच्या जागी राहिले, कोल्हापूर जिल्हाही तोच राहिला, बदलली ती फक्त आपण कोणाबरोबर मत देतो ती सोबत.

ही सोबत कोण ठरवतो, हा मिशिगनमधला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी माझ्या घराच्या पत्त्यावरून देऊ शकते. २०११ साली राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते, गव्हर्नरही त्याच पक्षाचे होते आणि नकाशा आखण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी आखलेल्या चौदाव्या मतदारसंघात आमचे घर आले. हा मतदारसंघ सेंट क्लेअर सरोवराच्या काठावरच्या ग्रोस पॉइंट या श्रीमंत वस्तीपासून निघे, डेट्रॉइटच्या पूर्व भागातून वाट काढत पश्चिमेला साउथफील्डवरून आमच्या गावापर्यंत येई आणि तेथून वर वळून पाँटिअ‍ॅक शहराला जाऊन भिडे. नकाशावर तो वाकलेल्या पान्यासारखा दिसत असे. आमच्या घरापासून मोटारीने दहा मिनिटांवर नोव्हाय हे गाव आहे. तेथे माझ्या निम्म्या मैत्रिणी राहतात, आमची मुले एकत्र वाढली, गणपतीच्या आरत्या एकत्र झाल्या. पण त्या अकराव्या मतदारसंघात आणि मी चौदाव्यात. तासाभराच्या अंतरावरच्या ग्रोस पॉइंटशी मात्र माझे मत बांधलेले. तेथे मी आयुष्यात दोनदा गेले असेन.

या विचित्र आकारामागचा हिशेब सरळ होता. विरोधकांची मते जेथे दाट आहेत तेथे ती सगळी मोजक्या मतदारसंघांत कोंबायची, म्हणजे ते तेथे सत्तर-ऐंशी टक्क्यांनी जिंकतील आणि त्यांची जादा मते वाया जातील. आणि उरलेली मते आसपासच्या मतदारसंघांत अशी विखरून टाकायची, की ती कोठेच पुरी पडणार नाहीत. असे नकाशे आखण्याला अमेरिकेत ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारख्या दिसणाऱ्या एका मतदारसंघाला मान्यता दिली, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे. मिशिगनमध्ये त्याचा परिणाम २०१२ सालीच दिसला. त्या वर्षी बराक ओबामा यांनी राज्यात ५४ टक्के मते घेतली. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीतही डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभरात मिळून रिपब्लिकनांपेक्षा दोन लाखांहून अधिक मते जास्त पडली. तरीही चौदापैकी नऊ जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या आणि पाच डेमोक्रॅटिक पक्षाला. २०१४ आणि २०१६ मध्येही तोच आकडा राहिला: नऊ आणि पाच.

पुढे न्यायालयीन दाव्यात जुने ई-मेल उजेडात आले. नकाशा आखताना लिहिलेल्या त्यांपैकी एका पत्रात वेन, वॉशटेनॉ, ओकलंड आणि मॅकम्ब या काउंट्यांतला सगळा ‘डेमोक्रॅटिक कचरा’ चार मतदारसंघांत कोंबणे कसे सोपे होईल, अशा अर्थाचे वाक्य होते. मी ओकलंड काउंटीत राहते. त्या वाक्यातल्या कचऱ्यात माझे मत धरलेले होते, हे वर्तमानपत्रात वाचले तो दिवस मी विसरलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने प्रतिनिधिगृहाचे आणि राज्याच्या विधिमंडळाचे मिळून ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. परंतु दोनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, पक्षीय हेतूने आखलेल्या नकाशांचा न्याय संघीय न्यायालये करू शकत नाहीत असा निर्णय दिला आणि तो निकाल निरर्थक झाला.

त्याआधीच मिशिगनच्या मतदारांनी हे काम स्वतःच्या हाती घेतले होते, आणि आपल्या दैनिकाच्या वाचकांपर्यंत ही हकीकत पोहोचावी असे मला मनापासून वाटते. २०१६ च्या निवडणुकीनंतर लगेच केटी फेही या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर, जेरीमँडरिंगविरुद्ध काही करायचे आहे, कोणी बरोबर येणार का, असे विचारले. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्यासाठी लागणाऱ्या सह्या गोळा करायला येथे सहसा पैसे देऊन माणसे नेमतात. या लोकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या निव्वळ स्वयंसेवकांच्या बळावर जमवल्या. आमच्या ग्रंथालयाबाहेर पुठ्ठ्यावर कागद चिमट्याने लावून उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे मी सही केली. त्या कागदाच्या मागच्या बाजूला चौदाव्या मतदारसंघाचा नकाशा चिकटवलेला होता, आणि ‘तुम्ही यात कोठे राहता ते दाखवा’ असे ती प्रत्येकाला सांगत होती. बहुतेकांना आपले गाव नकाशात सापडायला वेळ लागे, आणि सापडले की पुढे काही समजावून सांगावे लागत नसे. नकाशे आखण्याचे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपवण्याचा हा प्रस्ताव नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी संमत झाला.

त्यातून जो आयोग निर्माण झाला त्याची रचना वाचण्यासारखी आहे. त्यात तेरा सामान्य नागरिक असतात: चार डेमोक्रॅटिक पक्षाचे, चार रिपब्लिकन पक्षाचे आणि पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. निवडून आलेले प्रतिनिधी, पक्षाचे पदाधिकारी, लॉबी करणारे आणि त्यांचे जवळचे नातलग यांना त्यात स्थान नाही. नऊ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. त्यांतून दोनशे नावे काढली गेली, विधिमंडळातल्या चार पक्षनेत्यांना त्यांतली प्रत्येकी पाच नावे वगळण्याची मुभा होती आणि उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तेरा नावे काढण्यात आली. नकाशा मंजूर व्हायचा तर नुसते बहुमत पुरत नाही. प्रत्येक गटातले किमान दोन सदस्य त्याच्या बाजूने असावे लागतात. नकाशाने कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा देऊ नये आणि विद्यमान सदस्याची सोय किंवा गैरसोय पाहू नये, हे राज्यघटनेतच लिहिले आहे. शिवाय परस्परांशी हितसंबंधांनी जोडलेले जनसमूह शक्यतो एकत्र ठेवावेत, या निकषाला काउंटीच्या सीमेपेक्षा वरचे स्थान आहे.

२०२१ साली आयोगाने राज्यभर सुनावण्या घेतल्या. त्यांपैकी घराजवळच्या एका सुनावणीला मी गेले. तोंडावर मास्क, खुर्च्या दूरदूर मांडलेल्या, समोरच्या पडद्यावर रंगीत नकाशा. माझ्या आधी बोललेल्या बांगलादेशी गृहस्थांनी आपली मशीद, दुकाने आणि मुलांची शाळा एकाच रस्त्यावर असल्याचे सांगून तो रस्ता मध्येच कापू नका अशी विनंती केली. डेट्रॉइटच्या एका वृद्ध बाईंनी आपल्या शहराचे तुकडे करून उपनगरांना वाटू नका असे निक्षून बजावले. मी माझे गाव ओकलंड काउंटीतल्या शेजारच्या गावांबरोबर ठेवा एवढेच म्हणाले. बोलताना आवाज कापत होता, कारण या देशात मी सरकारकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. २८ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने आठ विरुद्ध पाच मतांनी जो नकाशा स्वीकारला त्याला ‘चेस्टनट’ असे झाडाचे नाव होते. त्यात फार्मिंग्टन हिल्स ओकलंड काउंटीच्या अकराव्या मतदारसंघात आले आणि तो पाना नाहीसा झाला.

या नकाशाची खरी पारख निकालांवरून करावी. २०२२ मध्ये त्यातून सात डेमोक्रॅटिक आणि सहा रिपब्लिकन प्रतिनिधी निवडून आले; २०२४ मध्ये त्याच रेषांवर सात रिपब्लिकन आणि सहा डेमोक्रॅटिक. २०१२ ते २०१६ या काळात मते कोणाला किती पडली याचा जागांच्या आकड्यावर परिणामच होत नव्हता. आता लोकांचे मन थोडे फिरले तरी एखादी जागा फिरते. लॅन्सिंग या राजधानीच्या भोवतालचा सातवा मतदारसंघ २०२२ मध्ये एलिसा स्लॉटकिन यांनी राखला. त्या सेनेटची निवडणूक लढवण्यासाठी बाहेर पडल्या आणि २०२४ मध्ये तो टॉम बॅरेट यांनी रिपब्लिकन पक्षाकडे नेला. मॅकम्ब काउंटीचा दक्षिण भाग ज्यात आहे त्या दहाव्या मतदारसंघात २०२२ साली जॉन जेम्स यांचा विजय सुमारे सोळाशे मतांचा होता. पावणेआठ लाख वस्तीच्या मतदारसंघात सोळाशे मते म्हणजे दोन-तीन मोठ्या मतदान केंद्रांची एका दिवसाची गर्दी.

आपल्या वृत्तपत्रांत निवडणुकीच्या रात्री मिशिगन एकाच रंगात रंगवलेले दिसते. २०१६ मध्ये ट्रम्प येथे १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन सुमारे दीड लाखाने, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प सुमारे ८० हजारांनी. त्यामुळे राज्य लाल (रिपब्लिकन), निळे (डेमोक्रॅटिक), पुन्हा लाल. प्रत्यक्षात २०२४ च्या त्याच मतपत्रिकेवर सेनेटसाठी स्लॉटकिन जवळपास एकोणीस हजार मतांनी निवडून आल्या. फ्लिंट, सॅगिनॉ आणि बे सिटी या जुन्या कारखानदारी शहरांच्या आठव्या मतदारसंघाने अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना पसंती दिली आणि प्रतिनिधिगृहासाठी क्रिस्टन मॅकडोनाल्ड रिव्हेट या डेमोक्रॅटिक उमेदवाराला. रशिदा तलैब ज्याचे प्रतिनिधित्व करतात त्या बाराव्या मतदारसंघातले डिअरबॉर्न शहर अरब वंशाच्या नागरिकांचे. गाझातील युद्धामुळे व्यथित झालेल्या या शहरात ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, कमला हॅरिस यांना ३६ टक्के आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मते पडली, आणि त्याच शहरात तलैब मोठ्या फरकाने पुढे राहिल्या. मॅकम्बमधल्या मोटार कामगारांनी ओबामांना दोनदा आघाडी दिली आणि नंतर ट्रम्प यांना तीनदा. २०१६ ची मॅकम्बमधली आघाडी एकटीच ट्रम्प यांच्या राज्यभराच्या आघाडीच्या चौपटीहून मोठी होती.

याच्या उलट दिशेने गेलेले शहर ग्रँड रॅपिड्स. २०१७ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन तेथे भरले होते, त्यामुळे आपल्या पुष्कळ वाचकांनी ते पाहिले असेल. जेराल्ड फोर्ड यांनी १९४९ पासून १९७३ मध्ये उपाध्यक्ष होईपर्यंत ज्या शहराचे प्रतिनिधित्व केले तेच हे शहर. तेथे सत्तरच्या दशकानंतर डेमोक्रॅटिक पक्षाचा कोणी निवडून आला नव्हता. नव्या नकाशात ग्रँड रॅपिड्सला सरोवराकाठच्या मस्कीगनची सोबत मिळाली. रिपब्लिकन प्रतिनिधी पीटर माइयर यांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यामुळे पक्षाच्या मतदारांनी त्यांना प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीतच नाकारले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात हिलरी शोल्टन तेथून निवडून आल्या. दूर उत्तरेचा पहिला मतदारसंघ, ज्यात मॅकिनॉ पुलापलीकडचा सारा वरचा द्वीपकल्प येतो, एके काळी बार्ट स्टूपॅक या डेमोक्रॅटिक सदस्याचा होता. आता तेथे रिपब्लिकन उमेदवाराला फारशी चिंता नसते. हे बदल रेषांमुळे झालेले नाहीत, ते लोकांच्या मनातले आहेत. नकाशा प्रामाणिक असेल तरच असे बदल वेगळे ओळखता येतात.

आता श्री ठाणेदार यांच्याविषयी. चिकोडीत जन्मलेला आणि बेळगावात वाढलेला हा माणूस १९७९ साली रसायनशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी येथे आला आणि आज प्रतिनिधिगृहात बसतो, याचा मला अभिमान आहे. पण ते भारतीयांच्या मतांवर निवडून आले हे खरे नाही. मिशिगनमधील भारतीयांची मोठी वस्ती ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स आणि कँटन येथे आहे, आणि ही चारही गावे तेराव्या मतदारसंघाबाहेर आहेत. तेरावा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉइट शहराचा बराच भाग आणि त्याच्या दक्षिणेची कामगार वस्ती. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार नोव्हेंबरात पडत नाही. खरी लढत ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीतच होते. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन पक्षांचे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात, त्यांपैकी एकाच स्तंभातले लंबगोल काळ्या शाईने भरायचे. दोन्हीकडे खूण केली की त्या भागातली सगळी मते बाद. २०२२ च्या ऑगस्टात तेराव्या मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक स्तंभात नऊ नावे होती. कृष्णवर्णीय मतदारांची मते अनेक उमेदवारांत विभागली गेली, ठाणेदारांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर प्रचारात घातले, आणि सुमारे २८ टक्के मते त्यांना पुरेशी झाली.

या विजयाची दुसरी बाजू मराठी वाचकांना कळणे मला आवश्यक वाटते. चार्ल्स डिग्ज १९५५ साली प्रतिनिधिगृहात गेले, तेव्हापासून डेट्रॉइटला तेथे सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. जॉन कॉन्यर्स तर अर्धशतकाहून अधिक काळ होते. जानेवारी २०२३ मध्ये ही परंपरा खंडित झाली. ज्या शहरात दर चारांतली तीन माणसे कृष्णवर्णीय आहेत तेथे हे दुःख खरे आहे, आणि त्याचा काही दोष ज्या आयोगाचे मी एवढे कौतुक केले त्याच्याकडेही जातो. जुन्या नकाशात तेरावा आणि चौदावा हे दोन्ही मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुमताचे होते. नव्या नकाशात त्यांचे बहुमत असलेला एकही मतदारसंघ उरला नाही. डेट्रॉइटमधली डेमोक्रॅटिक मते एकाच जागी कोंबू नयेत म्हणून शहर उपनगरांशी जोडले गेले, आणि त्यात सुनावणीतल्या त्या वृद्ध बाईंची भीती बरीचशी खरी ठरली. राज्याच्या विधिमंडळाच्या बाबतीत तर डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ, वंशाचा आधार घेऊन आखल्याबद्दल, रद्द केले आणि आयोगाला ते २०२४ मध्ये पुन्हा आखावे लागले. पक्षीय न्याय साधताना वांशिक प्रतिनिधित्वाचे काय करायचे, हा प्रश्न या राज्याने सोडवलेला नाही. तरी आयोगाची चूक उघड्या सुनावणीत झाली, नोंदीत राहिली आणि दुरुस्त करावी लागली. २०११ चा नकाशा कोणत्या भाषेत आखला गेला हे कळायला सात वर्षे आणि एक न्यायालयीन दावा लागला होता.

हे सगळे आज लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये टेक्सासने, जनगणना झालेली नसताना, मध्येच नकाशा बदलून रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात अशी आखणी केली. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरात आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल नकाशा मंजूर केला. ज्या पक्षाला मी बहुतेक वेळा मत देते त्याने हे केले, म्हणून ते मला योग्य वाटते असे मात्र नाही. मिशिगनमध्ये दोन्ही पक्षांना हे करता येत नाही, कारण येथे आखणीचा अधिकार राज्यघटनेने आयोगाला दिला आहे आणि तो आयोग पुढच्या, म्हणजे २०३० च्या, जनगणनेनंतरच नव्याने बसेल.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. यापुढे ‘डिस्ट्रिक्ट’साठी ‘मतदारसंघ’ हाच शब्द वापरावा. २०२६ च्या नोव्हेंबरातील निकाल छापताना राज्याचा रंग आणि ठाणेदारांच्या मतदारसंघाची बातमी एवढ्यावर न थांबता निदान सातवा, आठवा आणि दहावा या तीन मतदारसंघांचे आकडे द्यावेत. जॉन जेम्स यांनी गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केल्यामुळे दहाव्या मतदारसंघात या वेळी विद्यमान सदस्य नसेल, आणि मागच्या खेपेस कोणाला काय मिळाले होते हे आपल्या वाचकांना त्या रात्री शेजारच्याच रकान्यात दिसले तर बरे होईल.

आपली,
एक वाचक, फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन